पाण्याची पातळी आणि प्रसूतीची तारीख



जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या आणि कृष्णेच्या काठावर दिवस सुरू होतो तो एका प्रश्नाने: पाणी किती फुटांवर आलं? कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 फूट म्हणजे धोका. सांगलीत आयर्विन पुलाशी 40 आणि 45. हे आकडे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतात. पाटबंधारे खाते पाण्याची नोंद तासातासाला ठेवते, धरणातून किती विसर्ग सुटला ते जाहीर होते, आणि त्यावरून कोणत्या गावात पाणी कधी शिरेल याचा अंदाज बांधता येतो. याच गावांत आणखी एक नोंद असते. गावात कितव्या महिन्याच्या किती गरोदर बायका आहेत, कोणाची तारीख कधीची, कोणाचे रक्त कमी, कोणाचा रक्तदाब वाढलेला, कोणाचे पहिले बाळंतपण सिझेरियनने झालेले, हे सारे आशाताईच्या वहीत आणि आरोग्य सेविकेच्या नोंदवहीत लिहिलेले असते. माझे आजचे म्हणणे या दोन नोंदींभोवती आहे. पुरात स्त्रियांच्या आणि मुलींच्या आरोग्याची जी हेळसांड होते, तिला आपण आपत्तीचा भाग समजतो. पण त्यांच्या गरजा पुरापेक्षा कितीतरी आधी ठाऊक असतात. ज्याचा अंदाज होता त्याची तयारी झाली नसेल, तर त्या नुकसानीचा दोष पावसावर टाकता येणार नाही.

हा अंदाज किती नेमका असू शकतो ते हिशेब मांडूनच पाहू. ऑगस्ट 2019 मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या पुढे गेले, आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या पुढे. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद पडला. कोल्हापूर आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून 4 लाखांहून अधिक लोकांना घर सोडावे लागले. महाराष्ट्राचा जन्मदर हजारी 15 च्या आसपास आहे. म्हणजे 4 लाखांच्या वस्तीत वर्षाला सुमारे 6 हजार बाळे जन्माला येतात, कोणत्याही दिवशी साधारण साडेचार हजार बायका गरोदर असतात आणि आठवड्याला 110 ते 120 बाळंतपणे होतात. गरोदरपणात किंवा बाळंतपणात सुमारे 15 टक्के स्त्रियांना जिवावर बेतू शकेल अशी गुंतागुंत होते, हे आरोग्यशास्त्रातले रूढ गृहीतक आहे. पाणी एक आठवडा टिकले तर अशा सोळा-सतरा जणींना त्या आठवड्यात शस्त्रक्रियेची सोय, रक्त आणि अनुभवी डॉक्टर लागणार. पाळी येण्याच्या वयाच्या स्त्रिया आणि मुली लोकसंख्येच्या चौथा हिस्सा, म्हणजे लाखभर. त्यांतल्या किमान पंधरा हजार जणींची कोणत्याही एका दिवशी पाळी चालू असणार. यांतला एकही आकडा पाऊस पडल्यावर शोधण्याचा नाही. ही वस्ती कागदावर मे महिन्यातही तेवढीच असते. 2022 मध्ये पाकिस्तानात महापूर आला तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने याच रीतीने हिशेब करून सांगितले होते की पूरग्रस्त भागात सुमारे साडेसहा लाख गरोदर स्त्रिया आहेत आणि त्यांतल्या 73 हजारांपर्यंत स्त्रिया पुढच्या महिन्याभरात बाळंत होतील. तिथे हा हिशेब पाणी आल्यावर झाला. आपल्याकडे तो पाण्याआधी करता येईल, कारण आपल्याजवळ अंदाजाच्या पुढचीही गोष्ट आहे: प्रत्येक बाईची नावानिशी नोंद.

महाराष्ट्राला हा प्रश्न अधिक टोचतो याचे कारण आपल्या यशातच आहे. 2018-20 च्या पाहणीत महाराष्ट्रातले मातामृत्यूचे प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे 33 होते. मोठ्या राज्यांत केरळच्या खालोखाल आपण होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत राज्यातली सुमारे 95 टक्के बाळंतपणे दवाखान्यात होत असल्याचे दिसले. म्हणजे आता बाळंतपणाची सुरक्षितता घरात राहिलेली नाही. ती रस्त्यावर, 108 च्या गाडीवर, तालुक्याच्या रुग्णालयावर आणि तिथल्या विजेवर अवलंबून आहे. सुईण गेली, हे चांगलेच झाले. पण तिच्या जागी आलेली व्यवस्था रस्त्याने जोडलेली आहे, आणि पूर नेमका रस्ताच तोडतो. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव धडधाकट बाईचा जीव दोन तासांत घेऊ शकतो. तो थांबवणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन 2 ते 8 अंशांत ठेवावे लागते. वीज गेली आणि शीतपेटी बंद पडली की त्याचा भरवसा राहत नाही. मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांना शीतपेटी लागत नाही, त्या तोंडाने घेता येतात. पूरप्रवण गावाच्या उपकेंद्रात या गोळ्या, स्वच्छ प्रसूतीचा संच आणि त्या वापरायला शिकलेली सेविका जूनच्या आधी हजर असणे, ही जीव वाचवणारी तयारी आहे. त्यात कुटुंब आरोग्य पाहणीच्या याच फेरीप्रमाणे राज्यातल्या 54 टक्के स्त्रियांच्या आणि 46 टक्के गरोदर स्त्रियांच्या अंगात रक्त कमी. ज्या बाईच्या शरीरात मुळातच शिल्लक नाही, तिला उशीर परवडत नाही.

पुराच्या पाण्यातून येणारे रोगही सर्वांना सारखे वागवत नाहीत. लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठी पूर ओसरताना डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटल्या जातात आणि ते योग्यच आहे. पण ही गोळी गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालच्या मुलाला देऊ नये. त्यांच्यासाठी अझिथ्रोमायसिनचा पर्याय आहे. घाईगर्दीत सरसकट वाटप करताना ‘बाई, दिवस गेलेत का?’ हा एक प्रश्न विचारायचा राहिला तर चुकीचे औषध पोटात जाते किंवा औषधच मिळत नाही. हिपॅटायटिस ई या काविळीची गोष्ट त्याहून गंभीर आहे. सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले की ही कावीळ पसरते. बहुतेक माणसे तिच्यातून बरी होतात, परंतु गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती झाली तर मृत्यूचे प्रमाण 20 ते 25 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. पंचगंगेच्या काठाला ही कावीळ अनोळखी नाही. 2012 मध्ये इचलकरंजीत तिची मोठी साथ आली होती. पूर नसताना जे घडू शकते ते पुरात घडणार नाही असे मानायला काहीच आधार नाही. म्हणून निवारा केंद्रातल्या गरोदर बाईसाठी उकळलेले किंवा क्लोरीन घातलेले पाणी वेगळे राखून ठेवणे याला लाड म्हणता येणार नाही. तो वैद्यकीय उपचाराचाच भाग आहे.

आता निवारा केंद्राकडे वळू. आपल्याकडे ते बहुधा जिल्हा परिषदेच्या शाळेत असते. तिथली स्वच्छतागृहे दिवसाचे काही तास मुलांनी वापरावीत अशा बेताने बांधलेली. वीज गेल्यामुळे पंप बंद, टाकी कोरडी, दिवा नाही, कडी लागेलच याची खात्री नाही. अशा ठिकाणी बायका पाणी पिणे कमी करतात, अंधार पडेपर्यंत लघवी रोखून धरतात. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, आणि गरोदर बाईत तो मूत्रपिंडापर्यंत चढला तर दिवस भरण्याआधीच कळा सुरू होण्याचा धोका असतो. पाळीत कापडाची घडी वापरणाऱ्या बाईला ती धुवायला पाणी नाही, वाळवायला ऊन नाही आणि आडोसाही नाही. ओल्या कापडाने मांड्या सोलवटतात, जंतुसंसर्ग होतो. पॅड मिळाले तर वापरलेले टाकायचे कुठे, हा प्रश्न उरतोच. या सगळ्याचे उत्तर सरकारी कागदावर आधीच आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम 2005 च्या कलम 12 नुसार राष्ट्रीय प्राधिकरणाने 2016 मध्ये मदतीचे किमान निकष ठरवले. माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, 30 माणसांमागे एक शौचालय, स्त्रिया व मुलांसाठी शौचालयाची आणि अंघोळीची वेगळी सोय, सॅनिटरी नॅपकिन व ते टाकण्याच्या कागदी पिशव्यांसह स्त्रियांसाठी संच: हे सारे त्यात आहे. स्फिअर या आंतरराष्ट्रीय मानकांत तर पुरुषांच्या एका शौचालयामागे स्त्रियांची तीन, असे प्रमाण सांगितले आहे. म्हणजे काय करावे याचे ज्ञान कमी पडलेले नाही. ते ज्ञान शाळेच्या कडीपर्यंत, दिव्यापर्यंत आणि टाकीपर्यंत पोचलेले नाही.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की पुरात आधी जीव वाचवायचे असतात. आडोसा, पॅड, वेगळी खोली हे नंतरचे विषय. हा आक्षेप प्रामाणिक आहे, आणि बोटीवर दिवसरात्र राबणाऱ्या जवानाच्या तोंडी तो आला तर मी त्याला दोष देणार नाही. पण पुरावा उलट दिशेचा आहे. एप्रिल 1991 च्या अखेरीस बांगलादेशच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आले, समुद्र आत घुसला आणि सुमारे 1 लाख 38 हजार माणसे गेली. 20 ते 44 वयाच्या स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण हजारी 71 होते, तर त्याच वयाच्या पुरुषांत हजारी 15. शरीर दुबळे म्हणून हे घडले नाही. इशारा पुरुषांच्या वर्तुळात फिरला. पुरुष घरी नसताना घर सोडायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार बाईकडे नव्हता. अंगावर मुले होती, पोहायला शिकवलेले नव्हते. आणि निवाऱ्यात परक्या पुरुषांच्या गर्दीत आडोसा नसल्याने तिथे जायला बायका कचरत होत्या. पुढे त्या देशाने निवारे वाढवले, त्यांत स्त्रियांसाठी वेगळी जागा केली आणि आज वादळाची सूचना घरोघर पोचवणाऱ्या स्वयंसेवकांत निम्म्या स्त्रिया आहेत. 2007 च्या सिद्र वादळात मृतांची संख्या काही हजारांवर आली. या घटीचे श्रेय इशारा यंत्रणेला आणि निवाऱ्यांनाही आहेच. पण निवारा बाईला वापरता येईल असा असेल तरच इशाऱ्याचा उपयोग होतो, हा धडा त्यातून मिळतो. आपल्याकडेही बाई घर सोडायला उशीर करते तेव्हा गोठ्यातल्या म्हशी, अंथरुणाला खिळलेली सासू आणि शाळेतल्या शौचालयाची धास्ती ही तिन्ही कारणे असतात. उशिरा निघालेली माणसे शेवटच्या, गच्च भरलेल्या बोटीत चढतात. 8 ऑगस्ट 2019 रोजी पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली, त्यात बुडालेल्यांत बायका आणि मुले जास्त होती. त्या बोटीतल्या प्रत्येकाच्या उशिराचे कारण मी सांगू शकत नाही. पण बाईला लवकर, निर्धास्तपणे निघता येईल अशी सोय करणे हे जीव वाचवण्याचेच काम आहे, एवढे मी निश्चित सांगतो.

दुसरा आक्षेप समानतेच्या नावाने येतो: पाणी स्त्री-पुरुष असा भेद करत नाही, मग मदतीत तो कशाला? पुरुषही मरतात; वाहत्या पाण्यातून मोटारसायकल घालणारे, जनावरे सोडवायला परत जाणारे बहुधा तेच असतात, आणि त्यांचे मृत्यू टाळण्यासाठीही खास उपाय हवेत. पण मृतांची मोजदाद म्हणजे आरोग्याची मोजदाद नव्हे. एरिक न्यूमायर आणि थॉमस प्लुम्पर या अभ्यासकांनी 1981 ते 2002 या काळातील 141 देशांची माहिती तपासून 2007 मध्ये दाखवले की मोठ्या नैसर्गिक आपत्ती स्त्रियांचे आयुर्मान पुरुषांपेक्षा अधिक घटवतात, आणि जिथे स्त्रियांचे सामाजिक-आर्थिक स्थान चांगले तिथे ही तफावत आकसते. याचा अर्थ तफावत निसर्गाने घालून दिलेली नाही, आपण तयार केलेली आहे. प्रत्येकाला एकच पाकीट देणे म्हणजे न्याय नव्हे. प्रत्येकाची गरज भागणे म्हणजे न्याय. ओल्या बाळंतिणीची गरज आणि तिच्या दिराची गरज त्या आठवड्यात एक नसते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. सगळेच पूर पंचगंगेसारखे पायरीपायरीने चढत नाहीत. 22 जुलै 2021 ला चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी पाहता पाहता शहरात शिरले. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळीये गावावर दरड कोसळली. तिथे आशाताईची वही उघडायला वेळ कुठे होता? मी म्हणेन, म्हणूनच ती वही पाण्याच्या पातळीची वाट न पाहता पावसाळ्याआधी उघडायची. गडचिरोली जिल्ह्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे दरवर्षीचे. तिथे दिवस भरत आलेल्या बायकांना रस्ता बंद होण्याआधीच दवाखान्याजवळ आणून ठेवण्याची रीत आरोग्य यंत्रणेने पाडली आहे. आदिवासी भागांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात माहेरघरे आहेत; बाळंतपणाच्या काही दिवस आधी बाई तिथे येऊन राहते. जी गोष्ट राज्यातल्या सर्वांत दुर्गम तालुक्यांत जमते ती शिरोळ, करवीर, पलूस, वाळवा, महाड, चिपळूण या तालुक्यांत जमणार नाही असे कोण म्हणेल? पूररेषेतल्या प्रत्येक गावासाठी जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत तारीख असलेल्या स्त्रियांची यादी, प्रत्येकीसाठी उंचावरच्या नातेवाइकाचे घर किंवा माहेरघर, आणि पाणी इशारा पातळीला लागताच पहिल्या गाडीत त्यांची जागा. एवढेच करायचे आहे.

पैसा आणि माणसे कोठून आणायची, असेही विचारले जाईल. यादी आधीच आहे, तिला पैसा लागत नाही. कडी, दिवा आणि टाकी यांचा खर्च महापुरानंतर वाटल्या जाणाऱ्या सानुग्रह रकमेपुढे किरकोळ आहे. माणसांचे म्हणाल तर गावोगावी बचत गट आहेत, आणि त्यांच्या ताकदीचा अनुभव महाराष्ट्राने घेतलेला आहे. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिवच्या शेकडो गावांत महिला मंडळांच्या बायकांनी ‘संवाद सहायक’ म्हणून सरकार आणि भूकंपग्रस्त यांच्यातला दुवा सांभाळला. घरांच्या बांधकामावर देखरेखही केली. 2018 च्या केरळच्या महापुरानंतर तिथल्या कुडुंबश्री बचत गटांच्या बायकांनी घरे, शाळा, विहिरी साफ करण्याचे प्रचंड काम उचलले. निवारा केंद्राचा कारभार चालवणाऱ्या समितीत निम्म्या स्त्रिया असतील, तर शौचालयाला दिवा नाही हे कळायला वरिष्ठांच्या भेटीची गरज पडणार नाही. मात्र इथे एक काळजी घ्यायला हवी: आशाताईचे स्वतःचे घरही त्याच पाण्यात असते. तिच्यावर काम टाकताना तिच्या कुटुंबाच्या सुरक्षिततेची आणि मोबदल्याची हमी आधी द्यावी लागेल.

राहता राहिला संकोचाचा आक्षेप. पाळी, लघवी, अंगावरचे दूध हे चारचौघांत बोलायचे विषय नव्हेत असे मानणारी मंडळी बायकांच्या अब्रूचीच काळजी करत असतात. परंतु अब्रू मौनाने राखली जात नाही. जिथे या गोष्टींची सोय ठरवून केलेली असते तिथे बाईला कोणापुढे तोंड उघडावे लागत नाही, आणि सोय नसते तिथे तिला परक्या पुरुषाकडे मागावी लागते. न बोलण्याचे दुष्परिणाम मदतीच्या ट्रकमध्येही दिसतात. दात्यांच्या प्रेमापोटी दुधाच्या पावडरीचे डबे येतात आणि सरसकट वाटले जातात. गढूळ पाण्यात कालवलेली ती पावडर तान्ह्या बाळाला जुलाबाकडे नेते आणि आईचे दूध आटवते. पर्यायी दुधाच्या प्रसारावर निर्बंध घालणारा कायदा आपल्याकडे 1992 पासून आहे. बाळंतिणीला पाजायला आडोशाची जागा, पोटभर जेवण आणि पिण्याचे पाणी द्यावे. बाळासाठी तेच सर्वोत्तम औषध आहे.

पाणी ओसरले की बातम्या थांबतात, बायकांचे काम मात्र तेव्हा वाढते. घरातला गाळ उपसणे, भिजलेले धान्य निवडणे, लांबून पाणी आणणे. या धबडग्यात लोहाच्या गोळ्या वाहून गेलेल्या असतात, ‘अंतरा’ या तीन महिन्यांनी घ्यायच्या गर्भनिरोधक इंजेक्शनची तारीख टळलेली असते आणि नको असलेले गरोदरपण त्या वर्षीच्या कर्जात भर घालते. मुलींवरचे संकट आणखी लांबचे आहे. शाळेत छावणी असल्याने शाळा बंद, वह्या-पुस्तके भिजलेली, पीक गेलेले, घर पडलेले. अशा वर्षी ‘एक जबाबदारी कमी’ म्हणून लग्न उरकण्याचा विचार घरात शिरतो. पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात 2022 च्या पुरानंतर अशा लग्नांच्या बातम्या सातत्याने आल्या. आपल्या राज्यातही 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी जवळजवळ 22 टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आहे, आणि अठराच्या आतले बाळंतपण म्हणजे आजार ओढवून घेणेच आहे. म्हणून पुरानंतरचे पंचनामे घराच्या भिंती आणि उसाचे गुंठे मोजून संपू नयेत. किती मुली शाळेत परतल्या आणि किती गरोदर बायकांची राहिलेली तपासणी झाली, हेही त्यात यावे.

2019 नंतर महापुरावर पुष्कळ चर्चा झाली. 2020 मध्ये वडनेरे समितीचा अहवाल आला. अलमट्टी धरणाचा फुगवटा, धरणांतले विसर्ग, पूररेषेतली बांधकामे यांवर आजही वाद होतात आणि ते व्हायलाच हवेत. पण नदीला शिस्त लावायला दशके लागतील. बाळंतिणीची वाट निर्वेध करायला एक उन्हाळा पुरतो. आपल्या राज्यात 1 मे रोजी गावोगावी ग्रामसभा होते आणि पावसाळा त्यानंतर महिन्याभराने येतो. पूररेषेतल्या प्रत्येक गावाने त्या सभेत चार प्रश्न विचारावेत. पावसाळ्यात तारीख असलेल्या बायका किती आणि त्या कुठे राहणार? निवाऱ्याच्या शाळेत बायकांच्या शौचालयाला कडी, दिवा आणि पाणी आहे का? उपकेंद्रात रक्तस्रावाच्या गोळ्या, प्रसूतीचे संच आणि पॅड पोचले का? केंद्राच्या समितीत कोणत्या बायका आहेत? उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत. प्रत्येक मातामृत्यूचे अन्वेषण करण्याची पद्धत आपल्या आरोग्य खात्यात आहे. पूरकाळात एखादी माता दगावली, तर त्या अन्वेषणात हे इतिवृत्त समोर ठेवावे आणि चारपैकी कोणत्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ होते, ते का होते, आणि ते ‘हो’ करण्याची जबाबदारी कोणाची होती, हे नावानिशी लिहावे. ‘पुरामुळे मृत्यू’ या दोन शब्दांवर फाइल बंद होऊ न देणे, ही नदीकाठच्या नागरिकांची जबाबदारी आहे. आणि ती आपण येत्या 1 मे पासून घेऊ शकतो.